साताऱ्याचे यजमान

"पंखा चालू असेपर्यंत तुमच्या कानांत काही शिरायचं नाही," असं म्हणून विद्युल्लताने भिंतीवरचं बटण बंद केलं आणि चारही गुरुजींच्या समोर येऊन उभी राहिली. "पुन्हा विचारते. दक्षिणा कोण ठरवतं?"

"आम्ही," सुमंतशास्त्री म्हणाले.

"आम्ही म्हणजे कोण?"

"आम्ही म्हणजे आपण सगळेच. दर साली पितृपक्षाच्या आधी इथेच बसतो की नाही? मागच्या साली तर तुम्हीच साबुदाण्याची खिचडी..."

"सुमंतशास्त्री!"

विद्युल्लताने कपाळावर हात मारला. महिनाभर ती या माणसांना पढवत होती, आणि महिनाभर पालथ्या घड्यावर पाणी पडत होतं. "ज्याचा तो ठरवतो. यजमानाची ऐपत बघून. काय म्हणायचं?"

"ज्याचा तो," चौघे एका सुरात म्हणाले.

"आणि कुठल्या जिल्ह्याचा यजमान कोणाचा, हा विषयच काढायचा नाही."

"का म्हणून?" ढुंढिराजांनी उपरण्याने मान पुसली. ते तिचे थोरले भाऊ आणि काशीतल्या मराठी तीर्थोपाध्यांच्या सभेचे अध्यक्ष. "त्यात काय चोरी आहे?"

"दादा, त्या कंपनीने केलं ते आणि तुम्ही करता ते, कायद्याच्या पुस्तकात शेजारी शेजारी छापलंय. झाकली मूठ सव्वा लाखाची. ठेवा झाकून."

"कंपनी कुठे, आम्ही कुठे! काहीतरीच बोलतेस," ढुंढिराज म्हणाले, आणि स्वतःच उठून त्यांनी पंखा लावला.

प्रकरण असं होतं. आईबापांचं श्राद्ध, अस्थिविसर्जन, गंगापूजन यांसाठी महाराष्ट्रातून काशीला येणाऱ्यांना फोनवरूनच गुरुजी ठरवून देणाऱ्या दोन कंपन्या निघाल्या होत्या. एक 'पुण्यवाट', दुसरी 'घाटसखा'. दोघी सवतींसारख्या भांडायच्या. एकीने गुरुजींकडून घ्यायचा आपला वाटा कमी केला की दुसरी आणखी कमी करायची. एकीने यजमानाला स्टेशनावर घ्यायला रिक्षा धाडली की दुसरी मोटार धाडायची. दोघांचं भांडण, तिसऱ्याचा लाभ. विद्युल्लता महिला महाविद्यालयात अर्थशास्त्र शिकवत असे, आणि स्पर्धा म्हणजे काय हे मुलींना समजावताना ती पुस्तक मिटून या दोन कंपन्यांचीच गोष्ट सांगायची. मग एके दिवशी पुण्यवाटने घाटसखाला विकत घेतलं. भांडण मिटलं, आणि गुरुजींची चैनही मिटली. कंपनीचा वाटा दुप्पट झाला, यजमानांची बिलं फुगली, आणि वर अट अशी की आमच्यात राहायचं तर दारात आलेला जुना यजमानसुद्धा आमच्यामार्फतच घ्या.

सगळ्यांत जास्त पोळली ती हिमानी. ढुंढिराजांची ही धाकटी मुलगी लहानपणापासून वडिलांच्या मागे बसून सगळे विधी शिकली होती. वडिलांनी तिला कधी अडवलं नाही, आणि कधी चांगलं म्हणाले असंही नाही. घाटसखावर यजमानाला गुरुजींचं मंत्र म्हणणं आधी ऐकून निवड करता यायची. भाऊ नसलेल्या मुली, एकट्या आलेल्या बायका हिमानीला निवडू लागल्या. दोन वर्षांत तिचं नाव झालं. पुण्यवाटने घाटसखा घेतली तेव्हा घाटसखाचे सगळे गुरुजी घेतले, तेवढी हिमानी वगळली. त्यांच्याकडे म्हणे बायकांसाठी रकानाच नव्हता. आता नोएडातल्या भावाने, विश्वेशने, तिच्यासाठी एका कोचिंग क्लासमध्ये नोकरी बघून ठेवली होती, आणि महिनाअखेरीपर्यंत होय की नाही ते कळवायचं होतं. जाणार म्हणजे मंत्र, घाट सगळं सोडून तिथे पोरांच्या हजेऱ्या घेत बसणार. विद्युल्लताने स्पर्धा आयोगाकडे तक्रार लिहिली ती सभेच्या नावाने, पण खरं विचाराल तर या पोरीसाठी. आणि गंमत बघा, मुलीने श्राद्ध सांगायचं म्हणजे घोर कलियुग आलं असं कालपरवापर्यंत म्हणणारे सुमंतशास्त्री तक्रारीवर सही करताना 'आमची कन्या हिमानी' म्हणून गहिवरले होते.

"आता शेवटचं," विद्युल्लता म्हणाली. "कंपनीचं म्हणणं असं की आमची मक्तेदारी कसली? काशी महाग वाटली तर लोक गयेला जातील, नाशिकला जातील. यावर काय सांगाल?"

ढुंढिराज ताडकन ताठ बसले. "काशीऐवजी नाशिक? भाजीमंडई आहे काय ही? इथे वांगी महाग म्हणून पलीकडून घ्या? ज्याचा बाप म्हणून गेलाय की माझी हाडं काशीत टाक, तो पोरगा नाशिकला जाईल?"

"हे मात्र अगदी असंच म्हणा, दादा," ती म्हणाली. "एक अक्षर बदलू नका."

दिल्लीहून आलेली आयोगाची चौकशी अधिकारी सभेच्या पायऱ्या चढून वर आली तेव्हा घामाने डबडबली होती. अमृतराव घाटाकडे उतरणाऱ्या गल्लीत मोटार येत नाही, आणि वैशाखातलं ऊन बोळातही शिरतं. तिने खांद्यावरचा लॅपटॉप आणि हातातला छोटा प्रिंटर खाली ठेवला, आणि स्वच्छ मराठीत म्हणाली, "नमस्कार. मी तेजश्री गोळे. जरा पाणी मिळेल का?"

मराठी अधिकारी! देवच पावला असं विद्युल्लताला वाटलं. वाटलं, तिथेच तर चुकलं.

पहिला तासभर सगळं दृष्ट लागण्यासारखं झालं. सुमंतशास्त्रींनी 'ज्याचा तो' इतक्या निरागसपणे म्हटलं की विद्युल्लताला त्यांना पेढा द्यावासा वाटला. कोकणाकडच्या यजमानांचे गोपीनाथगुरुजी आधी दोन कंपन्या असताना कसं होतं आणि आता कसं आहे, ते नीट सांगून गेले. ढुंढिराज नाशिकवर असे कडाडले की तेजश्रीला टाइप करता करता हसू आलं. "म्हणजे यात्रेकरूच्या दृष्टीने काशीला पर्याय नाही," ती म्हणाली. "नाही, नाही, नाही!" ढुंढिराजांनी त्रिवार सांगितलं. तेही तिने लिहून घेतलं.

हिमानीने कैरीचं पन्हं आणलं. तेजश्रीने लॅपटॉप जरा बाजूला सरकवला. आणि पाहुणी पन्ह्याचा घोट घेतेय म्हटल्यावर काशीतल्या तीर्थोपाध्याच्या तोंडी जो प्रश्न आपोआप येतो, तो ढुंढिराजांच्या तोंडी आला.

"बरं, बाई, मूळ गाव कुठलं आपलं?"

विद्युल्लताच्या हातातला पेला तिथेच थांबला.

"आजोबांचं वाई," तेजश्री म्हणाली. "मी वाढले दिल्लीतच."

"वाई!" ढुंढिराजांचा चेहरा उजळला. "अहो, म्हणजे तुम्ही आमच्याच!"

"आमच्या म्हणजे?"

"दादा," विद्युल्लता म्हणाली, "पन्हं घ्या ना, गार आहे तोवर."

"अगं थांब की, ओळख निघतेय. सातारा जिल्हा आमच्या घराकडे, बाई. वाई, कराड, फलटण, सगळं आमचं. तुमचे आजोबा-पणजोबा कधी काशीला आले असतील तर आमच्याकडेच उतरले असतील, पैज लावतो. नागपूरच्या असतात तर तुम्ही या सुमंतच्या. रत्नागिरीच्या असतात तर गोपीनाथच्या."

तेजश्री मनापासून हसली. मग तिने पेला खाली ठेवला. "आणि समजा मला सुमंतशास्त्रींकडेच जायचं असेल तर?"

"जाल कशा? सुमंत घेणारच नाही तुम्हाला."

"का?"

"का म्हणजे? वाईचा यजमान त्याने घेतला तर सभेत बसेल कसा तो? सभेत सोडा, त्याच्या घरच्या कार्याला पाणी प्यायला जाणार नाही कोणी!"

"त्यांची दक्षिणा कमी असली तरी?"

"कमी असेल कशी? सगळ्यांची एकच. आम्ही बसून ठरवतो ना!"

उचलली जीभ आणि लावली टाळ्याला. विद्युल्लताला वाटलं, हातातलं पन्हं सरळ या माणसाच्या डोक्यावर ओतावं. महिनाभराची मेहनत, आयोगाच्या जुन्या निकालांची वाचनं, चष्म्याचा नंबर वाढला तो वेगळाच, आणि हा बाबा बैलाला स्वतः हाक मारून म्हणतोय, ये, मला मार! समोर सुमंतशास्त्री 'ज्याचा तो' म्हणून मोकळे झालेले, ते आता छताकडे बघत होते.

"ते जुन्या काळचं सांगतायत," ती घाईघाईने म्हणाली. "पूर्वी असं असायचं."

"जुनं कसलं? गेल्या साली सोलापूरच्या एका कुटुंबावरून गोपीनाथला दंड केला की आपण! विचार त्याला."

गोपीनाथगुरुजींनी मान खाली घातली.

"मॅडम, त्यांना बोलू द्या," तेजश्री शांतपणे म्हणाली आणि लॅपटॉप पुन्हा पुढे ओढला. "ढुंढिराजजी, हे मी लिहून घेऊ?"

"घ्या की! अवश्य घ्या. त्या कंपनीवाल्यांना कळू दे शिस्त कशाला म्हणतात. इतक्या पिढ्या झाल्या, काशीत मराठी उपाध्यांची यजमानावरून कधी मारामारी झाली नाही."

ढुंढिराज सांगत गेले आणि ती लिहीत गेली. कोणाकडे कुठला जिल्हा, तो वारशाने कसा जातो, घराण्यात कोणी उरलं नाही तर बाकीचे कसा वाटून घेतात. विद्युल्लताने दोनदा खोकून पाहिलं. भावाने तिला खडीसाखर देऊ केली.

मग तेजश्री हिमानीकडे वळली. हिमानी दाराशी बसली होती.

"घाटसखा यायच्या आधी तुमच्याकडे यजमान कसे यायचे?"

"यायचे नाहीत," हिमानी म्हणाली.

"एकही नाही?"

"नाही."

"का?"

हिमानीने वडिलांकडे पाहिलं. रागाने नव्हे, परक्या माणसासमोर उत्तर द्यायचा मान थोरल्यांचा असतो तसं. ढुंढिराजांनीही तो घेतला.

"तिच्याकडे कसे येतील, बाई? आमचा सातारा विश्वेशकडे आहे. माझ्या मुलाकडे."

"आणि आता पुण्यवाटवर हिमानींचं नाव नाही."

"नाही ना! तोच तर अन्याय आहे," सुमंतशास्त्री गहिवरून म्हणाले.

तेजश्रीने त्यांच्याकडे एकदा पाहिलं. प्रिंटर कुरकुरत कागद बाहेर टाकू लागला.

"वाचून घ्या सगळ्यांनी," ती म्हणाली. "सही करण्याआधी काही चुकीचं लिहिलं गेलं असेल, कोणाला काही वेगळं म्हणायचं असेल, तर सांगा. दुरुस्त करते. सही झाल्यावर मग नाही." शेवटचं वाक्य ती विद्युल्लताकडे बघून बोलली की काय कोण जाणे.

सुमंतशास्त्रींनी विद्युल्लताला खुणेने बाहेर सज्जात बोलावलं. खाली नदी उन्हात पांढरी पडली होती आणि नावाडी सावली शोधत नावा किनाऱ्याला बांधत होते.

"लताताई, हे बरं नाही झालं ना?"

"बरं? सुमंतशास्त्री, तुम्ही आत जे बोललात त्यानंतर दादा जे बोलले, त्याने तुम्ही खोटे पडलात. आणि ते तसंच राहिलं तर चौकशी कंपनीवरची उठून आपल्यावर बसेल. कंपनीचा वकील तर पेढे वाटेल."

"अरे राम राम राम." शास्त्रीबुवांनी दोन्ही कानांच्या पाळ्या धरल्या. "मग तुम्ही सांगा ना आत. दादांचं वय झालं, ऐकू कमी येतं, भलतंच बोलून गेले म्हणा. मी दुजोरा देतो. बाई भली दिसतेय, काढून टाकेल."

तिच्याही डोक्यात हेच होतं. चार वाक्यांचं काम. दादा चिडतील, दोन दिवस बोलणार नाहीत, पण तक्रार वाचेल. "चला," ती म्हणाली आणि आत आली.

तिने कागद हातात घेतला. चष्मा वर करून, खाली करून वाचला. आडनावाचा कानासुद्धा चुकला नव्हता. 'घाटसखा येण्यापूर्वी मला एकही यजमान मिळत नसे.' त्याच्याच खाली, 'सातारा जिल्ह्याचे यजमान माझा मुलगा विश्वेश याच्याकडे आहेत.' तोंडी ऐकताना कानावरून गेलेली दोन वाक्यं कागदावर एकाखाली एक आली तशी ती तिथे अडली. तिने पुन्हा वाचलं.

समजा, हा भाग काढला. समजा, तक्रार टिकली, आपण जिंकलोसुद्धा. कंपनीचा वाटा कमी होईल. अट निघेल. सुमंत खूश, गोपीनाथ खूश. नागपूरचे नागपूरच्या दारात जातील, साताऱ्याचे साताऱ्याच्या. घाटसखा काही कबरीतून उठून परत येणार नाही. मग ही पोरगी कुठे जाईल? दोन कंपन्या भांडत होत्या तेव्हा जिल्हावाटणीच्या या भिंतीत जी फट पडली, तिच्यातून ती दोन वर्षं बाहेर आली होती. आणि आपण इथे महिनाभर घसा कोरडा करून भिंतीची डागडुजी करतोय! विद्युल्लताला संताप आला. दादांचा आला, सुमंतचा आला, पण त्या सगळ्यांहून जास्त स्वतःच्या हुशारीचा आला.

हिमानी पन्ह्याचे पेले गोळा करत होती. आत्याकडे न बघता तिने सुमंतशास्त्रींचा पेला उचलला.

"मॅडम?" तेजश्री म्हणाली. "काही दुरुस्ती?"

"एक आहे," विद्युल्लता म्हणाली.

सुमंतशास्त्रींनी सुटकेचा निःश्वास टाकला. ढुंढिराजांच्या भुवया चढल्या. "कसली दुरुस्ती? मी बोललो ते शब्दन् शब्द खरं आहे. खोडायचं नाही काही."

"खोडत नाहीये, दादा. सगळं बरोबर आहे. जिल्ह्यांचं, दक्षिणेचं, दंडाचं, सगळं." ती तेजश्रीकडे वळली. "फक्त अपुरं आहे. सातारा विश्वेशकडे आहे असं लिहिलंय, त्यापुढे लिहा की विश्वेश नोएडाला बँकेत नोकरी करतो. दहावीनंतर तो घाटावर बसलेला नाही. त्याला श्राद्ध सांगता येत नाही."

"लताताई!" सुमंतशास्त्री अर्धे उठले. "हे काय भलतंच?"

"भलतं काय त्यात? दादा, येतं का विश्वेशला?"

ढुंढिराजांचा हात उपरण्याकडे गेला. त्यांना लबाडी जमत नाही हे उभ्या काशीला माहीत होतं. महिनाभर याच गोष्टीपायी तर तिच्या नाकी नऊ आले होते.

"नाही येत," ते म्हणाले. "त्याला... त्याचं मन नव्हतं कधी."

तेजश्रीने टाइप केलं. मग मान वर न करता विचारलं, "तुमच्यानंतर तुमच्या घरात कोणाला येतं?"

हिमानी पेल्यांचं तबक हातात धरून दाराशी उभी होती. बाहेर जावं की थांबावं हे तिला कळत नव्हतं. ढुंढिराजांनी तिच्याकडे पाहिलं.

"हिला येतं," ते म्हणाले.

"म्हणजे थोडंफार?"

"थोडंफार?" म्हाताऱ्याचा आवाज नाशिकच्या वेळी चढला होता तसा चढला. "थोडंफार कसलं, बाई? संपूर्ण येतं! माझे उच्चार आता दातांमुळे घसरतात. हिचे नाही घसरत. या अख्ख्या सभेत हिच्याइतकं स्वच्छ म्हणणारं कोणी नाही. या सुमंतलासुद्धा हिच्यापुढे..." आणि इथे ते थांबले. आपण काय बोललो ते त्यांच्या ध्यानात येत गेलं, तसा त्यांचा उपरण्यावरचा हात खाली आला.

"हेही लिहू?" तेजश्रीने विचारलं.

हिमानीने हातातलं तबक खाली ठेवलं. ढुंढिराजांनी एकदा सुमंतशास्त्रींकडे पाहिलं, एकदा बहिणीकडे. बहिणीने काहीही पढवलं नाही.

"लिहा," ते म्हणाले आणि सहीसाठी पेन मागायला हात पुढे केला.